केवळाबाईंचा फ्रेंचचा धडा

"बाई, मला समदी भाषा नको. एकच इचारायला शिकवा. तुझं वय किती, एवढंच."

केवळाबाई दारातच उभ्या होत्या. चप्पल काढलेली, पण पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलेलं नव्हतं. दिवाळीची सुट्टी लागली होती आणि मी चकलीच्या भाजणीत हात घालून बसले होते. अशा वेळी दारात राष्ट्रपती उभे असते तरी मी त्यांना नंतर या म्हटलं असतं. पण ही बाई कोण ते मला ठाऊक होतं, म्हणून हात धुतले आणि तिला आत घेतलं.

मी सोलापूरच्या एका ज्युनियर कॉलेजात फ्रेंच शिकवते. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी पॅरिस कोळून प्यायलेय. अहो, मी मुंबईच्या पलीकडे गेलेली नाही. आमच्याकडे पोरं फ्रेंच घेतात ती मार्कांसाठी. संस्कृत जड जातं आणि हिंदीत मार्क पडत नाहीत म्हणून. बारावीचा शेवटचा पेपर दिला की बोंझूरसुद्धा विसरतात. तर अशा माझ्या फ्रेंचला सोलापुरात दुसरं कुणी विचारत नव्हतं, आणि त्या आठवड्यात एकदम दोघांनी विचारलं.

पहिला फोन आला होता गावातल्या एका बालकाश्रमाच्या अधीक्षक बाईंचा. फ्रान्समधून एक मुलगी येणार होती. त्र्याण्णवच्या किल्लारीच्या भूकंपानंतर आश्रमात आलेली आणि तिथून तिकडे दत्तक गेलेली. नाव सोलेन. आता आपली माणसं शोधत होती. तिच्या वतीनं पेपरात निवेदन दिलं होतं, ते वाचून कुणीतरी सांगितलं म्हणून सोलापुरातलीच एक बाई पुढे आली होती. दोघींची गाठ घालून द्यायची, आणि मी दुभाषी म्हणून बसायचं.

ती पुढे आलेली बाई म्हणजे केवळाबाई. वय पंचेचाळीसच्या आसपास, एक पाय जरा ओढत चालायच्या. एका भाकरी केंद्रात कडक भाकऱ्या करायच्या, दिवसाला चारशे. त्यांची शंभराची चळत कधी नव्व्याण्णव निघाली नाही, असं केंद्रातल्या बायका सांगायच्या.

मी म्हटलं, अहो केवळाबाई, त्या दिवशी मी तिथं असणारच आहे. तुम्ही मराठीत विचारा, मी तिला फ्रेंचमध्ये विचारीन, ती सांगेल ते तुम्हाला सांगीन. त्यासाठी तुम्हाला कशाला घोकंपट्टी?

"तुमच्या तोंडून नको," त्या म्हणाल्या. "तुमाला माझी दया येईल. एखादं वरीस हिकडंतिकडं कराल."

मला रागच आला. वीस वर्षं पेपर तपासतेय मी. एका मार्कानं नापास होणाऱ्याला कधी अर्धा मार्क सोडला नाही, विचारा हवं तर गावात. आणि ही बाई मला दयाळू म्हणत होती. मग तिनं आपली हकीकत सांगितली.

भूकंपात तिचं घर बसलं. नवरा आणि सासू जागीच गेले. हिला बाहेर काढलं तेव्हा पाय मोडलेला आणि डोक्याला मार. सोलापूरच्या दवाखान्यात पाच महिने होती, त्यातला पहिला महिना-सव्वा महिना बेशुद्ध. मुलगी मात्र धडधाकट राहिली होती. उज्ज्वला, म्हणजे उजी. राखी पौर्णिमेनंतर आठव्या दिवशी झालेली, भूकंपाच्या वेळी तिला तीन वर्षं भरून महिना उलटला होता. केवळाबाई शुद्धीवर आल्या तेव्हा उजी नव्हती. भाऊ व्यंकट होता. त्यानं सांगितलं की वॉर्डातल्या लोकांनी पोरीला कुठल्याशा आश्रमात दिलं, त्यांनी परस्पर परदेशी धाडलं, आपल्याला कुणी विचारलं नाही.

तरी पोर इथंच कुठंतरी असेल म्हणून, चालता येऊ लागल्यावर केवळाबाई आश्रमांमागून आश्रम हिंडल्या. लातूरला एक मुलगी दिसली. ही माझी उजीच, म्हणून त्यांनी तिला पोटाशी धरलं ते सोडलंच नाही. दोन दिवस त्या पोरीला मांडीवर घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी तिची खरी मावशी आली. पोरगी धावत मावशीकडे गेली आणि लोकांनी केवळाबाईंना चोर म्हणून हाकललं.

"तवापासून माझा माझ्या डोळ्यांवर इश्वास न्हाई, बाई. मला कुठलीबी पोर उजीच दिसती. फोटो न्हाई, अंगावर खूण न्हाई. वय तेवढं मला ठावं हाय. तीन आणि एकवीस, चोवीस. चोवीस म्हनली तर माझी. न्हाई म्हनली तर दुसऱ्या कुन्या आईची, तिच्यावर मी हात ठेवनार न्हाई."

मग काय, शिकवणी सुरू झाली. दहा दिवस होते हातात. दुपारी भाकऱ्या उरकल्या की त्या यायच्या, हाताला पिठाचा वास तसाच. प्रश्न पहिल्याच दिवशी पाठ झाला. तू आ केल आझ? त्यातलं 'तू' ऐकून त्यांना फार बरं वाटलं. तिकडेही लेकराला 'तू'च म्हणतात तर, असं म्हणून त्या किती तरी वेळ हसत होत्या. मी आणखी शहाणपणा शिकवायला गेले, की फ्रेंच माणूस वय सांगताना माझ्याजवळ इतकी वर्षं आहेत असं म्हणतो. कॉलेजात हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी पोरं जांभया देतात. केवळाबाईंनी बोटांवरचं पीठ खरवडलं. मग म्हणाल्या, "माझ्याजवळ तर तिची तीनच हायत." मी गॅसवर काही नसताना स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

खरी मेहनत आकड्यांची होती. उत्तर कानानं ओळखायचं होतं ना. चोवीस म्हणजे व्हँत-कात्र, बावीस म्हणजे व्हँत-द. मी मुद्दाम घाईत म्हणायचे, तोंडात पदर धरून म्हणायचे, मधेच चौदा नाहीतर चाळीस घुसडायचे. त्या डोळे मिटून बसायच्या आणि बरोबर सांगायच्या. आठव्या दिवसानंतर एकदाही चुकल्या नाहीत. बारावीच्या कुठल्याही वर्गात मला असा विद्यार्थी मिळालेला नव्हता, आणि खरं सांगते, मला त्याचा गर्व चढला होता. भावाला मात्र त्यांनी यातलं काही कळू दिलं नव्हतं. तो हसेल, म्हणायच्या.

ठरलेल्या दिवशी मी अर्धा तास आधी आश्रमात पोचले. सोलेन ऑफिसात बसली होती. सावळी, बारीक चणीची, केस कानापर्यंत कापलेले, आणि मांडीवर एक जाडजूड पाकीट. लहानपणापासूनचे फोटो होते त्यात. संध्याकाळी तिला पुण्याहून विमान होतं, गाडी दारात उभी होती. ती भराभरा बोलत होती आणि माझं पुस्तकी फ्रेंच तिच्यामागे धापा टाकत होतं. तिनं सांगितलं की गेल्या आठवड्यात आणखी दोन बायका तिला भेटल्या, दुसऱ्या गावांत. दोघी म्हणाल्या, मीच तुझी आई. तिनं मग एकीला आपलं वय तीस सांगून बघितलं. ती म्हणाली, बरोबर. दुसरीला अठरा सांगितलं. तीही म्हणाली, बरोबर. "आज खरं सांगणार आहे," ती म्हणाली. "मी दमलेय आता."

बोलता बोलता तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. तिची तिकडची आई अजून कौतुकानं सांगते म्हणे, की आमच्या घरी आलीस तेव्हा दोन वर्षांचीसुद्धा नव्हतीस, आणि तुझ्या भाषेत सबंध वाक्यं बोलायचीस. डॉक्टरांनाही नवल वाटलं होतं. रोज झोपायच्या वेळी काहीतरी लांबलचक बोलत राहायचीस, आम्हाला एक अक्षर कळायचं नाही. मी म्हटलं, हुशार होतीस मग, आणि घड्याळाकडे बघितलं.

केवळाबाई आल्या. धुतलेलं हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. भाऊ बरोबर आला होता, पण आत यायला तयार होईना. अधीक्षक बाईंनी खुर्ची देऊ केली तरी तो बाहेरच्या बाकावरच बसला, टोपी हातात घेऊन. मला वाटलं बिचारा बुजलाय.

केवळाबाई बसल्या नाहीत. सोलेनच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, तोंडाकडे न बघता, नजर तिच्या हातांवर. आणि स्पष्ट विचारलं,

"तू आ केल आझ?"

सोलेन दचकली. माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. इतक्या दिवसांत तिच्याशी तिच्या भाषेत बोललेलं या मुलखातलं तेच पहिलं माणूस असावं, माझ्यासारख्या पोटार्थी लोकांना सोडून. तिचे डोळे भरले. लहान मुलाला सांगावं तसं तिनं सावकाश सांगितलं,

"जे व्हँत-द झाँ."

केवळाबाईंचे ओठ हलले. दोन बोटं अंगठ्यावर टेकली. मग मान वळवून त्यांनी मला विचारलं, "बावीस?"

आणि मी खूश झाले. एवढी वर्षं झाली, पण ती माझी खुशी मला अजून लाजवते. समोर काय चाललंय ते बघायचं सोडून मी शिक्षिकेसारखी मान डोलावली आणि म्हटलं, "अगदी बरोबर. बावीस."

"मग ही माझी न्हवं. तिला सांगा, बाई."

मी सांगितलं. सोलेननं घाईघाईनं पाकीट उघडायला घेतलं. तिला फोटो दाखवायचे होते. केवळाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवून पाकीट बंद केलं. दुसऱ्याच्या लेकराचे फोटो बघितले की जीव गुंततो, मला ते परत नको, असं त्या म्हणाल्या. मी तेही भाषांतर करून दिलं, व्याकरणाची एकही चूक न करता. मग त्यांनी पहिल्यांदा त्या मुलीच्या तोंडाकडे बघितलं. दोन्ही हात तिच्या गालांवरून उतरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली आणि म्हणाल्या, तुझी आई तुला गावू दे.

त्या बाहेर पडल्या. सोलेन टेबलावर डोकं टेकून रडली. नंतर डोळे पुसून मला म्हणाली की मला वाईट वाटतंय, पण त्या बाईंना माझे आभार सांगा. या देशात मला खरं सांगणाऱ्या त्या पहिल्याच. मी तिचा निरोप घेऊन निघाले.

केवळाबाई फाटकापाशी नव्हत्या. मागच्या अंगाला नळ होता, तिथं तोंड धुवायला गेल्या होत्या. फाटकाशी व्यंकट उभा होता. त्यानं मला विचारलं की आत काय झालं, ताई लगेच कशी आली, पोरीकडं बघितलं का नाही नीट. मी म्हटलं, बघायची वेळच आली नाही. त्यांनी वय विचारलं, फ्रेंचमध्ये विचारलं बरं का, आणि ते जुळलं नाही. चोवीस हवं होतं, बावीस निघालं.

तो मटकन खाली बसला. मला वाटलं चक्कर आली. मी पाण्यासाठी हाक मारणार तोच तो बोलायला लागला, जमिनीकडे बघत.

त्याचंही घर पडलेलं. स्वतःची तीन पोरं पत्र्याच्या शेडमध्ये. बहीण बेशुद्ध, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं की आशा ठेवू नका. उजी रात्रंदिवस आई आई करायची. तो तिला या आश्रमात घेऊन आला. तेव्हा इथं दोन वर्षांच्या आतलीच मुलं ठेवून घ्यायचे, मोठ्यांना कुठं लांब पाठवायचे. पोर उपासमारीनं वाळून एवढीशी झालेली. तो म्हणाला, शेजाऱ्याची आहे, आई-बाप दोघं गेले. आणि म्हणाला, दीड वर्षाची आहे. इथल्या माणसानं हिशेब करून ब्याण्णव सालची एक जून ही जन्मतारीख टाकली. केवळाबाई जगतील असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या जगल्या, तेव्हा पोर गेलेली होती, आणि मग एकवीस वर्षं त्याला तोंड उघडता आलं नाही.

"मला वाटलं आज ती पोरीला बघंल आन् वळखंल," तो म्हणाला. "वय इचारंल असं मला काय म्हाईत?"

तिकडच्या आईनं सांगितलेली ती सबंध वाक्यं तेव्हा माझ्या डोक्यात शिरली. सव्वातीन-साडेतीन वर्षांची मुलगी बोलणार नाही तर काय करील? आणि झोपायच्या वेळी ती काय मागत असेल, ते सोलापुरातल्या कुठल्याही पोराला कळलं असतं.

मी मान वर केली तर केवळाबाई समोर उभ्या. तोंड ओलं, पदर हातात. किती ऐकलं ते विचारायची गरज नव्हती. मला वाटलं आता त्या भावाच्या अंगावर धावून जातील. निदान मी त्यांच्या जागी असते तर गेले असते. त्या हलल्यासुद्धा नाहीत.

"तवा मी सुदीत नव्हते, व्यंकट," त्या म्हणाल्या. "आज व्हते."

मी ऑफिसाकडे पळाले. गाडी गेलेली होती, दहाच मिनिटं झाली होती. अधीक्षक बाईंच्या फोनवरून मी सोलेनला फोन लावला. तिनं उचलला. मी धापा टाकत, क्रियापदांची वाट लावत सांगितलं की परत फिर, चूक झाली, तुझं वय कागदावर चुकीचं लिहिलंय, तू बावीसची नाहीस, चोवीसची आहेस, तीच तुझी आई आहे. पलीकडे गाडीचा आवाज येत होता.

मग ती म्हणाली, "मॅडम, त्या दोघीही असंच करत होत्या. मी सांगेन तसं वय बदलत होत्या. एकच बाई खरं बोलली, तेवढं तरी माझ्याजवळ राहू द्या."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तो लागला नाही.

केवळाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांना माझं बोलणं कळलं नव्हतं, पण त्यातले बावीस आणि चोवीस कळले होते. काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दया आली मला. त्यांनी आधीच सांगितलं होतं येईल म्हणून.

आठ दिवसांनी त्या पुन्हा माझ्या घरी आल्या, पत्र लिहून घ्यायला. पत्ता अधीक्षक बाईंनी दिला होता. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ते पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असावं. उत्तरही आलेलं नाही. केवळाबाई अजून भाकऱ्या करतात, व्यंकट अजून त्यांना केंद्रावर सोडायला येतो, आणि मला रस्त्यात भेटल्या की पोस्टाचं काही विचारत नाहीत.

त्या दिवशी मी कागद पुढे ओढला आणि म्हटलं, सगळं सविस्तर लिहू या. मामानं काय सांगितलं, का सांगितलं, आश्रमात तारीख कशी पडली. एक एक गोष्ट पुराव्यासारखी मांडू, म्हणजे तिला पटेल. केवळाबाई मान हलवत राहिल्या.

"व्यंकटचं नाव नको."

"अहो, पण चूक त्यांची आहे."

"मामा खोटं बोलला म्हनलं तर तिला वाटंल, आपण खोटारड्यांच्या घरातलं. एवढ्या लांब एकटीनं बसून लेकरानं असं वाचायचं व्हय? अडाणी म्हनलेलं बरं. अडाण्यांचा राग येत न्हाई कुनाला."

"मग काय लिहू?"

त्यांनी जरा विचार केला. मांडीवरचे हात उलटे करून बघितले.

"लिवा," त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला मोजता येत नव्हतं."

आणि मी खाली मान घालून, सुवाच्य अक्षरात, ते लिहिलं.